फ्युएल सेल गाडीत कुठला मोड कधी लावायचा? इको, नॉर्मल, स्पोर्ट आणि बॅटरीचे मोड

नवी_चावी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टोयोटाची हायड्रोजनवाली मिराई आलीये, दुसऱ्या पिढीची, मोटरचा जोर मागच्या चाकांना देणारी. सेकंडहँड घेतली. गाडी शांत आहे, पळते छान, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न मोडचा आहे. इको, नॉर्मल, स्पोर्ट असे तीन आहेत, शिवाय उतारावर जास्त रिजन (म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत टाकणं) मिळावं म्हणून वेगळी सोय. विकणाऱ्याने सांगितलं की कायम इकोवर ठेवा, बाकीच्यांकडे बघूच नका. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की इकोत गाडी जड वाटते, मग पाय आपोआप जास्त दाबला जातो आणि शेवटी हिशोब तिथल्या तिथेच येतो. मला दोन्ही पटतंय आणि म्हणूनच गोंधळ होतोय. हायड्रोजनचे पंप मोजकेच असतात, त्यामुळे टाकीत किती उरलंय याकडे पेट्रोल गाडीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. मोड बदलल्यावर आत नक्की काय बदलतं हे कोणी नीट समजावून सांगेल का? नुसतं "हा लावा, तो लावा" नको, कारण कळलं तर मी माझं ठरवीन.

प्रोटॉनपटल
ताई, प्रश्न चांगला विचारलात, थोडं सविस्तर लिहितो.

आधी गाडीत शक्ती कुठून येते ते बघू. तुमच्या मिराईत १२८ किलोवॅटचा स्टॅक आहे, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून वीज बनवणाऱ्या सेलची चळत, त्यात ३३० सेल एकामागे एक जोडलेले. टाक्या तीन, मिळून साधारण ५.६ किलो हायड्रोजन, ७०० बार दाबाखाली. आणि एक छोटी लिथियम बॅटरी, १.२४ किलोवॅट-तासांची. एका किलो हायड्रोजनमध्ये जवळपास ३३ किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे टाकी भरली की १८० च्या वर झाले. टाकी म्हणजे विहीर आणि बॅटरी म्हणजे ओंजळ, एवढा फरक आहे दोघींत. पण ही ओंजळ फार महत्त्वाची, कारण स्टॅकला हवा लागते आणि हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला वेग घ्यायला क्षणभर वेळ लागतो. तुम्ही पॅडल दाबल्यावर गाडी लगेच उसळते ती त्या क्षणी बॅटरीच्या जोरावर, मग स्टॅक मागून येऊन भार उचलतो. ब्रेक लावला की परत येणारी वीजही त्याच बॅटरीत जाते.

आता मोड. इको, नॉर्मल, स्पोर्ट हे मुख्यतः पॅडलचा नकाशा बदलतात, म्हणजे पाय अर्धा दाबला तर मोटरकडे किती मागणी पाठवायची. इकोत कमी, स्पोर्टमध्ये जास्त. इकोमध्ये बहुतेक गाड्यांत एसी आणि हीटरही जरा आवरता घेतात. पाय पूर्ण दाबलात तर तिन्ही मोडमध्ये जवळपास तीच कमाल ताकद मिळते. त्यामुळे स्पोर्ट लावला म्हणून स्टॅक मोठा होत नाही आणि नुसता इको लावला म्हणून हायड्रोजन फार जास्त पुरत नाही, मुख्य फरक पडतो तो तुमचा पाय काय मागतो त्याने.

तरीही इकोचा उपयोग आहे आणि तो का ते सांगतो. सेलवर भार नसेल तर त्याचा व्होल्टेज १ च्या आसपास असतो. भार वाढवत नेला की व्होल्टेज पडत जातो, ०.८ वरून ०.७, मग ०.६५. सेलची कार्यक्षमता ढोबळमानाने या व्होल्टेजला १.२५ ने भागून येते. म्हणजे ०.८ ला ६४ टक्के आणि ०.६५ ला ५२ टक्के. तेवढाच हायड्रोजन, पण हळू मागितलात तर त्यातून जास्त वीज. शिवाय जास्त भारावर कॉम्प्रेसर स्वतःच बरीच वीज खातो, ते वेगळंच. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेने पहिल्या पिढीच्या मिराईची सविस्तर चाचणी केली होती, त्यात पूर्ण सिस्टिमची सर्वाधिक कार्यक्षमता ६४ टक्क्यांच्या जवळ आली आणि ती कमी भारावर आली. पेट्रोल इंजिन मध्यम-जास्त भारावर चांगलं काम करतं, इथे बरोबर उलटं आहे. पेट्रोल गाडी चालवून जो अंदाज पायात बसलाय तो इथे बदलावा लागतो.

दूरपल्ला
प्रोटॉनपटल यांच्याशी सहमत. पण नवी_चावी यांच्या घरच्यांचंही पूर्ण चूक नाही. मोकळ्या हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून एकाच वेगात चाललात तर इको काय आणि नॉर्मल काय, पॅडलला पायच नाहीये, मग नकाशा कुठलाही असो. तिथे खर्च ठरवतो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १०० च्या ऐवजी १२० ने गेलात तर दर किलोमीटरला हवा कापायला ४४ टक्के जास्त ऊर्जा लागते. इको लावून १२० ने जाणारा माणूस स्पोर्ट लावून १०० ने जाणाऱ्यापेक्षा टाकी लवकर रिकामी करणार.

एक ठोस उदाहरण देतो. २०२१ च्या मिराईच्या साध्या व्हेरियंटला ईपीए या अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत ४०२ मैल रेंज मिळाली आणि वरच्या व्हेरियंटला ३५७. स्टॅक तोच, टाक्या त्याच, मोडही तेच. फरक वजनाचा आणि अंगावरच्या साजाचा. दुसरीकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वेन गर्डेस आणि बॉब विंगर या हायपरमायलिंग (म्हणजे कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर काढणं) करणाऱ्या दोघांनी मिराई एका टाकीत ८४५ मैल, म्हणजे जवळपास १३६० किलोमीटर नेली, गिनीजमध्ये नोंद आहे. हायड्रोजन लागला ५.६५ किलो. गाडी शोरूममध्ये मिळते तीच. कंपनीच्या रेंजच्या दुप्पट अंतर कुठल्याही बटणाने मिळत नाही, ते हळू वेगाने, ब्रेक टाळून, समोरचं लांबून बघत चालवल्याने मिळतं. आपण कोणी तसं चालवणार नाही, मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण होतील, पण पाय आणि वेग यांच्या हातात किती आहे ते यावरून कळतं.

माझं स्वतःचं ठरलेलं आहे, गर्दीत इको, हायवेवर नॉर्मल. गर्दीत इको एवढ्यासाठी की तिथे दर थोड्या वेळाने पॅडल-ब्रेक, पॅडल-ब्रेक चालू असतं आणि मऊ पॅडलमुळे उगाच झटका बसत नाही, मागे बसलेल्यांनाही बरं वाटतं.

नवी_चावी
वा, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे इको हा पायाला लावलेला लगाम आहे असं समजते. मग स्पोर्ट कशाला ठेवलाय? कधी लावावा?

निळी_नेक्सो
ताई मी ह्युंदाईची नेक्सो चालवतो, २०१८ ला आलेलं मॉडेल. स्पोर्ट मोडचा खरा उपयोग थोड्या सेकंदांचा असतो, रॅम्पवरून हायवेवर घुसताना किंवा एकपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना. तेव्हा पॅडलने लगेच ऐकलं पाहिजे, इकोत अडकून अर्ध्यात राहणं धोक्याचं. काम झालं की परत नॉर्मल. पण चढावर स्पोर्ट लावू नका, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण बऱ्याच जणांना वाटतं की चढ आला म्हणजे ताकदवाला मोड पाहिजे.

माझ्या गाडीचं गणित बघा. स्टॅक ९५ किलोवॅट, बॅटरी ४० किलोवॅटपर्यंत देऊ शकते, मोटर १२० ची. म्हणजे मोटरला पूर्ण ताकद हवी असेल तर दोघांनी मिळून द्यावी लागते. बॅटरीची साठवण मात्र १.५६ किलोवॅट-तास, ती जोरात वापरली तर बघता बघता तळाला जाते. घाटाच्या पायथ्याला जोशात निघालात की पहिली काही वळणं गाडी मस्त उडते, मग मध्यावर कधीतरी स्क्रीनवर बॅटरीची पट्टी खाली गेलेली दिसते, कॉम्प्रेसरचा बारीक शिट्टीसारखा आवाज चढलेला असतो आणि तेवढंच पॅडल दाबून गाडी आधीसारखी उचलत नाही. बिघाड झालेला नसतो, बॅटरी संपली आणि आता एकटा स्टॅक ओढतोय, त्यातूनही कॉम्प्रेसर, पंप, एसी यांचा वाटा जातोय. पुढे जड ट्रक असेल आणि तुम्ही नेमकं तेव्हा ओव्हरटेक काढायला गेलात तर पंचाईत.

म्हणून लांब चढाला सुरुवातीपासून एकसारखा वेग धरावा, स्टॅक एकटा देऊ शकेल एवढाच, आणि बॅटरी ओव्हरटेकसाठी राखून ठेवावी. इको किंवा नॉर्मल. मिराईत स्टॅक १२८ चा आणि मोटर १३४ ची, त्यामुळे तुम्हाला ही तफावत कमी जाणवेल, पण उष्णतेचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे.

प्रोटॉनपटल
उष्णतेबद्दल मीच लिहितो, निळी_नेक्सो यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जाते. फ्युएल सेलच्या नळीतून फक्त ओलसर कोमट हवा आणि पाणी बाहेर पडतं, त्यात फारशी उष्णता जात नाही, जवळजवळ सगळी कूलंटमधून रेडिएटरलाच टाकावी लागते. शिवाय स्टॅक ७०-८० अंशांच्या आसपास चालतो, इंजिनापेक्षा थंड. बाहेर ४० अंश असेल तर रेडिएटर आणि हवा यांच्यातला फरकच कमी राहतो आणि उष्णता टाकणं अवघड जातं. म्हणून या गाड्यांची पुढची जाळी एवढी मोठी असते. कडक ऊन, लांब चढ, गाडी भरलेली, एसी जोरात, असं सगळं एकत्र आलं की कंट्रोलर स्टॅक वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. उंचीवर हवा विरळ, तेवढाच ऑक्सिजन द्यायला कॉम्प्रेसरला जास्त मेहनत, तो भार आणखी वर. अशा वेळी स्पोर्ट लावून काहीच मिळत नाही, वेग १०-१५ ने कमी केलात तर खूप मिळतं.

नवी_चावी
चढाचं कळलं. आता उताराचं सांगा. जास्त रिजनची सोय मी उतारावर कायम लावते, पण काही वेळाने पकड सैल पडल्यासारखी वाटते आणि मग ब्रेक दाबावा लागतो. काही चुकतंय का?

चढउतार
काही चुकत नाहीये ताई. बॅटरी भरली की रिजन थांबतं, एवढंच.

हिशोब करून बघा. माणसं-सामान धरून गाडी २००० किलो म्हणू. १०० मीटर उंची उतरलात की सुटणारी ऊर्जा होते साधारण ०.५४ किलोवॅट-तास. त्यातली काही हवा आणि टायर खातात, थोडी मोटर-इन्व्हर्टरमध्ये जाते. उरलेली बॅटरीत. तुमची बॅटरी १.२४ ची, ती पण तळापासून काठोकाठ वापरता येत नाही, कंट्रोलर मधलाच भाग वापरू देतो. म्हणजे दोन-तीनशे मीटर उंची उतरलात की जागा संपली. मोठा घाट हजार मीटरचा असतो. उरलेला सगळा उतार साध्या ब्रेकवर.

यातून दोन गोष्टी पाळायच्या. एक, माथ्यावर पोचताना बॅटरी जितकी रिकामी तितकं बरं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात थोडं सढळ पॅडल चालेल. दुसरी जास्त महत्त्वाची, उताराला लागतानाच वेग कमी ठेवा. रिजन आहे म्हणून भरवशावर वेगात उतरायला लागलात आणि मध्येच ते सैल पडलं तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात. पेट्रोल गाडीत दुसरा गिअर टाकला की इंजिन तळापर्यंत धरून ठेवतं, छोट्या बॅटरीच्या गाडीत तसं गृहीत धरू नका. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबा, वेग उतरवा, सोडा, परत दाबा.

सपाट रस्त्यावर मात्र जास्त रिजन कायम लावून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे सिग्नल लांबून दिसतोय तर पाय काढून गाडी तशीच वाहू देणं सगळ्यात स्वस्त, कारण वीज परत घेऊन परत चाकाला देताना दोन्ही वेळा गळती आहे. नेक्सोत स्टिअरिंगमागच्या पॅडलनी रिजनची पातळी कमी-जास्त करता येते, ती सोय मला फार आवडते.

दोन_इंधनं
माझी होंडाची सीआर-व्ही, २०२४ ला आलेली, हायड्रोजन पण आणि चार्जिंगची वायर पण. आमच्याकडे मोडचे दोन वेगळे संच आहेत आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. एक संच तुमच्यासारखाच, नॉर्मल, इको, स्पोर्ट, स्नो. दुसरा ऊर्जेचा, ऑटो (गाडीच ठरवते), ईव्ही (नुसती बॅटरी), सेव्ह (बॅटरी राखून स्टॅकवर), चार्ज (स्टॅकने बॅटरी भरणं). मर्सिडीजच्या जीएलसी एफ-सेलमध्ये पण असेच दोन संच होते, त्यातला ऊर्जेचा म्हणजे हायब्रिड, एफ-सेल, बॅटरी, चार्ज.

माझं स्पष्ट मत आहे की बॅटरी मोठी असेल तर पहिल्या संचापेक्षा दुसरा संच कितीतरी जास्त महत्त्वाचा. इको-स्पोर्ट फक्त पाय बदलतात, ईव्ही-सेव्ह मात्र कुठलं इंधन जळणार हे ठरवतात. माझी बॅटरी १७.७ किलोवॅट-तास, ईपीएप्रमाणे २९ मैल नुसत्या विजेवर, हायड्रोजन ४.३ किलो आणि दोन्ही मिळून २७० मैल. रोजचं जवळपासचं सगळं ईव्हीवर, स्टॅक चालूच होत नाही. लांब जायचं असेल तर हायवेवर सेव्ह लावतो आणि पुढच्या गावात शिरल्यावर ईव्ही, कारण गर्दीत, थांबत-थांबत जाताना बॅटरी छान काम करते. घाट असेल तर पायथ्यापर्यंत सेव्ह, चढाला ऑटो. म्हणजे बॅटरी चढाला हात देते आणि माथ्यावर पोचेपर्यंत उताराच्या विजेसाठी जागाही झालेली असते. वर चढउतार यांनी जो हिशोब दिलाय त्याने हजार मीटरचे साडेपाच किलोवॅट-तास होतात, ते माझ्या बॅटरीत आरामात बसतात.

दूरपल्ला
चार्ज मोड वापरता का? मला तो कधी पटला नाही. महागडा हायड्रोजन जाळून बॅटरी भरायची, बॅटरीत घालताना गळती, काढताना गळती, त्यापेक्षा स्टॅकची वीज सरळ मोटरला गेलेली काय वाईट?

दोन_इंधनं
रोज वापरायचा नाहीच. प्लग मिळत असेल तर कधीच नाही. पण पुढे मोठा चढ आहे आणि बॅटरी आधीच तळाला आहे, किंवा मुक्कामी गाडीतून बाहेर वीज घ्यायचीये, तेव्हा लावतो. सपाटीवर गाडीची गरज थोडी असते, तेव्हा स्टॅक निवांत थोडा जास्त चालवून वीज साठवायची आणि चढावर ती वापरायची, म्हणजे चढावर स्टॅकला ताणाच्या टोकाला जावं लागत नाही. गळती मान्य आहे, तिथे मी ती सोसतो. माथ्याजवळ मात्र चार्ज चालू राहिला तर शुद्ध नुकसान, उताराची वीज ठेवायला जागाच उरत नाही.

हिमवाट
थंडीबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. फ्युएल सेलमध्ये एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी तयार होतं. गाडी बंद केल्यावर सिस्टिम आतलं पाणी हवा मारून बाहेर काढते, नाहीतर ते गोठेल. म्हणून कडाक्याच्या थंडीत छोट्या-छोट्या फेऱ्या या गाडीला सगळ्यात त्रासाच्या, स्टॅक धड गरम होत नाही तोवर परत बंद. बॅटरीवाली गाडी असेल तर अशा फेऱ्या ईव्हीवर काढाव्यात. पण लांब जायचं असेल तर माझा सल्ला दोन_इंधनं यांच्यापेक्षा वेगळा, थंडीत सुरुवातीपासून स्टॅक चालू द्या, कारण त्याची उष्णता आतल्या हीटरला फुकट मिळते. ईव्हीवर निघालात तर हीटर बॅटरीच खातो.

इकोमध्ये हीटर आवरता घेतला जातो हे लक्षात ठेवा. काचेवर वाफ धरली तर रेंजचा विचार न करता नॉर्मल लावा, आधी समोरचं दिसू द्या. बर्फावर स्नो असेल तर स्नो, नसेल तर इको, मऊ पॅडलने चाक घसरत नाही. आणि तिथे जास्त रिजन बंदच ठेवा, मिराईत ते मागच्या चाकांवर येतं आणि निसरड्यावर मागची चाकं अचानक धरली गेली तर गाडी फिरू शकते. मिराईत पाणी सोडायचं एचटूओ बटण आहे, ते बंद जागेत गाडी लावायच्या आधी बाहेरच दाबून घ्या, फरशीवर पाणी आणि मग बर्फ नको.

नवी_चावी
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचे दोन प्रश्न. चालत्या गाडीत मोड बदलला तर चालतो का? आणि स्पोर्टमुळे स्टॅकचं आयुष्य कमी होतं का?

प्रोटॉनपटल
बदलला तर चालतो, त्यासाठीच बटण दिलंय. फक्त वळणात किंवा पॅडल दाबलेलं असताना इकोतून थेट स्पोर्टवर जाऊ नका, त्याच पायाला एकदम जास्त ताकद येते. पाय सैल करून बदला.

आयुष्याचं थोडं लांबवून सांगावं लागेल. स्टॅकमध्ये प्लॅटिनमचे अगदी बारीक कण असतात, प्रक्रिया त्यांच्यावर होते. सेलचा व्होल्टेज सारखा वर-खाली झाला की प्लॅटिनम हळूहळू विरघळतं, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो. वारंवार चालू-बंद करण्यानेही झीज होते. म्हणजे प्रश्न झटक्यांचा आहे. स्पोर्ट लावून शांत चालवलं तर काही बिघडत नाही, इको लावून सतत पूर्ण दाब-सोड केली तर बिघडतं. कंट्रोलर पण गप्प बसलेला नसतो, भाराचे झटके बॅटरीकडे वळवून स्टॅकला शक्य तितका एकसारखा ठेवतो. म्हणूनच बॅटरीला थोडी जागा आणि थोडा साठा, दोन्ही राहील असं चालवलेलं बरं.

तुमच्यासाठी मी म्हणेन गावात इको, हायवेवर नॉर्मल, हायवेत शिरताना आणि ओव्हरटेकला क्षणभर स्पोर्ट, उताराला जास्त रिजन पण वेग आधीच उतरवून. तुमच्या ह्यांना इकोत गाडी जड वाटते असं तुम्ही म्हणालात, तर ते चालवताना नॉर्मल ठेवा, काही बिघडत नाही.

चढउतार
एक भर. पुढचा पंप लांब असेल आणि टाकी कमी असेल तर मोडशी खेळत बसू नका, वेग कमी करा आणि निघायच्या आधी पंप चालू आहे का ते तपासा. हायड्रोजनचा पंप बंद असणं, दाब कमी असल्याने टाकी अर्धीच भरणं, हे होत असतं. मी निघतानाच पुढच्या दोन पंपांची स्थिती बघतो आणि दुसऱ्या पंपापर्यंत पोचेल एवढा हायड्रोजन टाकीत ठेवूनच पहिल्याकडे वळतो.